डुकराचं लिपोकॅलिन जनुक पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

माझ्या प्रबंधाचा विषय ठरला तेव्हा मार्गदर्शक एवढंच म्हणाले होते, "डुकराच्या लाळेतलं एक लिपोकॅलिन आहे, त्याची रचना आणि कार्य बघ." मला वाटलं, जनुक एकच आहे, डेटाबेसमध्ये नाव टाकायचं, क्रम उतरवून घ्यायचा, दोन आकृत्या काढायच्या. पहिले तीन आठवडे मी चुकीच्याच जनुकावर काम करत होते आणि ते मला कळलंही नाही. हा लेख त्या तीन आठवड्यांतून आणि त्यानंतरच्या दीड वर्षातून आला आहे. रेणवीय जीवशास्त्राची तोंडओळख तुम्हाला आहे, एक्सॉन-इंट्रॉन म्हणजे काय हे ठाऊक आहे, एवढं मी धरून चालते.

आधी दोन शब्द कुटुंबाबद्दल. लिपोकॅलिन हे नाव १९८७ साली रूढ झालं. 'लिपो' म्हणजे मेद आणि 'कॅलिन' हे पेला या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. नावातच सगळं आहे: पाण्यात न विरघळणारे छोटे रेणू पोटात धरून ठेवणारा, प्रथिनाचा बनलेला पेला. मेद, स्टेरॉइड, जीवनसत्त्व अ, गंधाचे रेणू, जीवाणूंची लोह ओढणारी संयुगं, ज्या त्या लिपोकॅलिनचा माल वेगळा. पेला मात्र जवळजवळ सारखाच.

गोंधळ होतो तो इथेच. या कुटुंबातल्या दोन प्रथिनांचा अमिनो आम्लांचा क्रम वीस टक्केही जुळत नाही असं सर्रास होतं, आणि तरीही त्यांची घडी एकमेकांवर ठेवली तर चपखल बसते. म्हणजे क्रमातल्या साम्यावर विसंबलात तर सख्खी भावंडं परकी ठरतील, आणि नावावर विसंबलात तर परकी माणसं सख्खी ठरतील.

१. एकच जनुक निवडा, आणि का निवडलं ते लिहून ठेवा

"डुकरातली लिपोकॅलिन" असा विषय घेऊ नका, तो संपणार नाही. नवख्या माणसाला पेलतील अशी काही जनुकं सांगते.

एसएएल१, म्हणजे लाळेतलं लिपोकॅलिन. हे नर डुकराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत भरपूर तयार होतं आणि अँड्रोस्टेनोन व अँड्रोस्टेनॉल ही फेरोमोन धरतं. माजावर आलेल्या डुकरिणीला नराच्या लाळेतल्या फेरोमोनचा वास आला की ती पाठ ताठ करून जागच्या जागी उभी राहते. कृत्रिम रेतनाच्या वेळी माज ओळखायला अँड्रोस्टेनोनचा फवारा वापरतात तो याचसाठी. हेच अँड्रोस्टेनोन वृषणात तयार होऊन चरबीत साठतं आणि स्कॅटोल या आतड्यात तयार होणाऱ्या दुर्गंधी रेणूच्या जोडीने नर डुकराच्या मांसाला उग्र वास आणतं. त्यामुळे या जनुकात वर्तनाचे आणि मांस उद्योगाचे, दोन्ही अभ्यासक रस घेतात.

ओबीपी, म्हणजे नाकातल्या श्लेष्मल आवरणातलं गंध धरणारं प्रथिन. याची त्रिमितीय रचना उपलब्ध आहे, प्रथिन लहान आहे, प्रयोगाला सोसतं. शिकण्यासाठी उत्तम.

आरबीपी४, रेटिनॉल (जीवनसत्त्व अ) वाहून नेणारं. गर्भधारणेनंतर साधारण १० ते १२ दिवसांच्या सुमारास डुकराचा भ्रूण झपाट्याने लांबतो, त्या काळात तो हे प्रथिन स्रवतो. एका वेतातल्या पिल्लांच्या संख्येशी या जनुकाचा संबंध लावणारे बरेच अभ्यास आहेत.

एलसीएन२, जीवाणूंचं लोह अडवणारं. प्रतिकारशक्तीकडे ओढा असेल तर हे घ्या.

मी एसएएल१ घेतलं होतं. पुढची बरीच उदाहरणं तिथलीच आहेत.

२. नावांचा गुंता आधी सोडवा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती.

एलसीएन२ याच प्रथिनाला माणसाच्या संदर्भात एनजीएएल, उंदराच्या संदर्भात २४पी३ आणि कार्यावरून सिडेरोकॅलिन म्हणतात. एलसीएन१ला माणसात अश्रूंमधलं लिपोकॅलिन म्हणतात. डुकरात ते जिभेवरच्या फॉन एबनर ग्रंथींत सापडलं म्हणून त्याचं नाव व्हीईजी. आता व्हीईजी असं टाकून शोधून बघा. रक्तवाहिन्यांच्या वाढीच्या घटकाचे, म्हणजे व्हीईजीएफचे, शोधनिबंध ढिगाने समोर येतील. एसएएल१ टाकलंत तर एका रोपट्यातलं फॉस्फटेज येईल, त्याचंही नाव एसएएल१ आहे आणि त्याचा लाळेशी काडीचा संबंध नाही. दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचं जनुक गाईत पीएईपी या नावाखाली नोंदलेलं दिसतं, कारण माणसातलं त्याचं नातेवाईक जनुक गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रथिनाचं आहे.

माझे तीन आठवडे इथेच गेले. एका जुन्या लेखात दिलेलं नाव मी डेटाबेसमध्ये टाकलं, पहिली नोंद उघडली आणि पुढे निघाले. ती नोंद शेजारच्या दुसऱ्याच लिपोकॅलिनची होती.

उपाय साधा आहे. वहीत एक तक्ता करा आणि त्यात जनुकाचं अधिकृत चिन्ह, त्याची सगळी टोपणनावं, आणि तीन डेटाबेसांतले क्रमांक नोंदवा: एनसीबीआयचा जनुक क्रमांक, एन्सेंबलचा (जीनोमचा) आणि युनिप्रॉटचा (प्रथिनांचा). यापुढे नावाने नाही, क्रमांकाने बोला. आणि शोध घेताना प्रजाती म्हणून 'सुस स्क्रोफा' निवडायला विसरू नका. पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर दोन्ही याच नावाखाली येतात, तेव्हा नमुना कोणाचा आहे तेही बघा.

३. जनुकाचा नकाशा काढा

डुकराच्या पेशीत १८ जोड्या सामान्य गुणसूत्रांच्या आणि एक जोडी लिंगगुणसूत्रांची, एकूण ३८. डुकराचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला, ड्युरॉक जातीच्या एका मादीवरून. त्या जुळणीचं, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून केलेल्या जीनोमच्या आराखड्याचं, नाव एसस्क्रोफा१०.२. पुढे लांब वाचनं देणाऱ्या तंत्राने केलेली एसस्क्रोफा११.१ ही कितीतरी सलग जुळणी आली. जुन्या निबंधांतले गुणसूत्रावरचे पत्ते बहुतेक १०.२ चे असतात. ते तसेच ११.१ वर शोधाल तर दुसरंच काहीतरी दिसेल. आकडा लिहिला की शेजारी जुळणीचं नाव लिहा, दरवेळी.

एन्सेंबलच्या ब्राउझरमध्ये तुमचं जनुक उघडा आणि पुढच्या गोष्टी टिपा.

शेजारी कोण आहे? माणसात बरीच लिपोकॅलिन जनुकं ९व्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाला दाटीवाटीने बसलेली आहेत. त्याचा समकक्ष भाग डुकरात १ल्या गुणसूत्रावर आहे. अशी वस्ती एकाच जनुकाच्या वारंवार झालेल्या प्रतींतून तयार होते, म्हणून शेजाऱ्यांचे क्रम फसवे असतात. आरबीपी४ मात्र या वस्तीत नाही, ते १४व्या गुणसूत्रावर आहे.

एक्सॉन किती? पुष्कळ लिपोकॅलिन जनुकांत सात एक्सॉन आणि सहा इंट्रॉन असा सांगाडा दिसतो, आणि शेवटच्या एक्सॉनमध्ये प्रथिनाचा भाग जवळजवळ नसतोच. पण हा कायदा नाही. तुमच्या जनुकात सहा दिसले तर घाबरू नका आणि सात दिसले म्हणून खूशही होऊ नका.

इंट्रॉन कुठे आणि कोणत्या फेजमध्ये कापतो? संख्येपेक्षा हे महत्त्वाचं. इंट्रॉन दोन कोडॉनच्या मधे आला तर फेज ०, कोडॉनच्या पहिल्या अक्षरानंतर आला तर १, दुसऱ्यानंतर आला तर २. प्रथिनाचा क्रम ओळखू न येण्याइतका बदलला तरी हा फेजचा क्रम लिपोकॅलिन कुटुंबात बराच टिकून राहिला आहे. क्रमाची टक्केवारी हात वर करते तेव्हा नातं याच खुणेवरून कळतं. एक्सॉनांची लांबी, फेज आणि त्या एक्सॉनमधून येणारी बीटा पट्टी (प्रथिनाच्या घडीतला ताणलेला तुकडा), असा तीन रकान्यांचा तक्ता करा. माझ्या प्रबंधात परीक्षकांनी सर्वाधिक वेळ याच तक्त्यावर घालवला.

सापळा: स्वयंचलित नोंदींमध्ये पहिला किंवा शेवटचा एक्सॉन चुकतो. प्रथिन मेथिओनिनने सुरू होतंय का, इंट्रॉनच्या कडांना जीटी आणि एजी आहेत का, आणि आरएनए वाचनं (पेशीतल्या आरएनएचे वाचलेले तुकडे) त्या एक्सॉनवर खरंच बसतात का, हे डोळ्यांनी तपासा. जनुक उलट्या धाग्यावर असेल तर आकृती उजवीकडून डावीकडे वाचायची, हेही लक्षात असू द्या. हसू नका, ही चूक मी छापील पोस्टरवर पाहिली आहे.

४. प्रथिन खरंच लिपोकॅलिन आहे का, ते पटवून घ्या

लिपोकॅलिन साधारण १६० ते १९० अमिनो आम्लांचं असतं आणि पेशीबाहेर स्रवलं जातं. म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड हवा, तो बाहेर पडताना कापला जातो. सिग्नलपी हे साधन कापण्याची जागा सांगतं.

आणि इथे क्रमांकांचा मोठा घोळ. निबंधात "ट्रिप्टोफॅन १६" लिहिलेलं असतं, तुमच्या क्रमात सोळाव्या जागी भलतंच काही दिसतं. निबंधाने मोजणी सिग्नल पेप्टाइड काढल्यानंतर सुरू केलेली असते आणि डेटाबेस पहिल्या मेथिओनिनपासून मोजतो. मी आता प्रत्येक क्रमाच्या वर दोन मोजपट्ट्या लिहिते.

मग तीन खुणा शोधा. पहिल्या पट्टीच्या सुरुवातीला ग्लायसिन, मधे कोणतंही एक, आणि मग ट्रिप्टोफॅन. पुढे थ्रिओनिन-अॅस्पार्टिक-टायरोसिन या धर्तीचा तुकडा. शेवटच्या पट्टीपाशी एक आर्जिनिन, जो घडी झाल्यावर त्या पहिल्या ट्रिप्टोफॅनला येऊन टेकतो. तिन्ही सापडले तर तुमचं प्रथिन कुटुंबाच्या गाभ्यातलं. पण गंध धरणारी आणि फॉन एबनर ग्रंथीतली लिपोकॅलिन कडेची मानली जातात, त्यांत एखादी खूण पुसट किंवा गायब असते. खूण नाही म्हणून बाद करू नका. क्रमाशी क्रम ताडणाऱ्या साध्या ब्लास्टऐवजी इंटरप्रो किंवा एचएमएमईआर वापरा. ही साधनं एका क्रमाशी नाही, अख्ख्या कुटुंबाच्या नमुन्याशी ताडून बघतात.

सिस्टीनही मोजा. चौथ्या पट्टीजवळचा एक सिस्टीन आणि शेपटाकडचा एक, यांच्यातला गंधक-पूल बऱ्याच लिपोकॅलिनांत असतो. डुकराच्या ओबीपीत तो ६३ आणि १५५ या जागांमध्ये आहे.

५. घडी बघा, आणि पेल्यात काय आहे ते विचारा

आठ उलटसुलट दिशेच्या बीटा पट्ट्या गुंडाळून पिंप बनतं. एक टोक बंद, दुसरं उघडं, उघड्या टोकाशी लवचीक फासे (पट्ट्यांना जोडणारे वळसे), आणि बाहेरून पिंपाला टेकलेली एक अल्फा मळसूत्री. तोंडाशी असलेले फासे आणि आतल्या भिंतीवरची अमिनो आम्लं, यांतच प्रत्येक लिपोकॅलिनचं वेगळेपण असतं. सांगाडा तोच, आतला अस्तर बदललेला.

प्रयोगाने सोडवलेली रचना पीडीबीत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहात, असेल तर तीच घ्या. डुकराच्या ओबीपीची आणि लाळेतल्या लिपोकॅलिनची आहे. नसेल तर अल्फाफोल्ड या क्रमावरून घडी वर्तवणाऱ्या साधनाच्या डेटाबेसमधलं भाकीत वापरा. लिपोकॅलिनच्या पिंपासाठी ते सहसा चांगलं येतं, फाशांजवळचा विश्वासांक मात्र पाहून घ्या. भाकितातला पेला रिकामा असतो, आत काय बसतं हे ते सांगत नाही.

दुसऱ्या प्राण्यावरून अंदाज बांधायचा मोह होईल, कारण गाईवर काम भरपूर झालंय. दोन उदाहरणं देते, मग तुम्हीच ठरवा. गाईच्या ओबीपीत तो गंधक-पूल नाही. त्याचे दोन रेणू एकमेकांची मळसूत्री अदलाबदल करून जोडीने राहतात. डुकराच्या ओबीपीत पूल आहे आणि ते एकट्याने राहू शकतं. दुसरं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. गाईचं तटस्थ पीएचला जोडीने आणि आम्लात एकेकटं असतं, डुकराचं नेमकं उलट. शिवाय गाईचं मेदाम्लं धरतं, डुकराचं तटस्थ पीएचला धरत नाही. नाव एक, घडी एक, वागणं वेगळं.

६. वंशवृक्ष

यावर फार वेळ घालवू नका. पंधरा-वीस क्रम पुरे. डुक्कर, गाय, घोडा, कुत्रा, उंदीर, माणूस यांचे क्रम घ्या आणि डुकरातली शेजारची लिपोकॅलिनही टाका, नाहीतर समकक्ष (दुसऱ्या प्राण्यातलं तेच जनुक) कोण आणि प्रत कोण हे कळणार नाही. सिग्नल पेप्टाइड काढून मगच जुळवणी करा. बूटस्ट्रॅपचा, म्हणजे फांदी किती विश्वासार्ह आहे ते सांगणारा, आकडा कमी असलेल्या फांदीवरून निष्कर्ष काढू नका.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी हाताशी काय हवं

- प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी, किंवा नमुना कत्तलखान्यातून येणार असेल तर तिथलं लेखी संमतीपत्र
- प्रत्येक प्राण्याची जात, लिंग, वय, खच्ची केलेला आहे की नाही, मादी असेल तर माजाचा दिवस
- आरएनए टिकवणारं द्रावण किंवा द्रव नायट्रोजन, आणि उणे ८० अंशांचा फ्रीजर
- आरएनए काढण्याचा संच, डीएनेज, उलट-प्रतिलेखन संच
- दुसऱ्या पायरीतला तक्ता, छापलेला

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नंतर मिळवता येत नाही.

७. जनुक कुठे आणि कोणात बोलतं

लाळेतल्या लिपोकॅलिनचं प्रमाण लिंगावर अवलंबून असतं. जबड्याखालच्या ग्रंथीत ते नरांत भरपूर. खच्ची केलेल्या नराचा नमुना "नर" या खात्यात टाकलात तर आलेखाचा विचका होईल. माझ्या पहिल्या खेपेत सहा "नर" होते, त्यांतले चार खच्ची. नमुना आणणाऱ्याचा दोष नाही, मी विचारलंच नव्हतं.

ग्रंथी ओळखायला पशुवैद्याला बरोबर घ्या. कानशिलाखालची, जबड्याखालची आणि जिभेखालची या तीन वेगळ्या ग्रंथी आहेत आणि कापाकापीत शेजारची लसीकाग्रंथी हाती येणं सोपं आहे. ऊतकाचे तुकडे लहान करा, म्हणजे द्रावण आत मुरेल. जबड्याखालच्या ग्रंथीत चिकट श्लेष्मा असतो, तेव्हा एक जादा धुणं करा.

प्रायमर बनवताना दोन नियम. एक, दोन प्रायमरांच्या मधे इंट्रॉन येऊ द्या किंवा एक प्रायमर एक्सॉनांच्या सांध्यावर बसवा, म्हणजे डीएनएची भेसळ पकडता येईल. दोन, प्रायमर शेजारच्या भावंडांवरही बसत नाहीत ना हे प्रायमर-ब्लास्टने तपासा आणि तरीही पीसीआरचं उत्पादन एकदा क्रमनिर्धारणाला पाठवा. वितळण्याच्या आलेखात एकच टोक आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दोन जवळच्या प्रती एकाच तापमानाला वितळू शकतात. कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी. संदर्भ जनुकं (ज्यांच्याशी तुलना करायची ती) किमान दोन-तीन घ्या आणि ती तुमच्याच ऊतकांत स्थिर आहेत का ते पाहा.

८. कार्य: पेल्यात काय राहतं

"हे जनुक लाळग्रंथीत व्यक्त होतं" हा पत्ता झाला, काम नव्हे. कामासाठी प्रथिन हातात घ्यावं लागतं.

रूढ पद्धत अशी. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवा, शुद्ध करा, त्यात १-अमिनोअँथ्रासीन हा रेणू घाला. हा पेल्यात शिरला की जास्त चमकतो. मग तुमचा संशयित रेणू थोडा थोडा घालत जा. चमक उतरली तर त्याने अमिनोअँथ्रासीनला बाहेर ढकललं. त्या उताराच्या आलेखावरून पकड किती घट्ट आहे ते काढता येतं.

सोपं वाटतं, पण अडचणी इथेच दाटीने भेटतात. गंधक-पूल असलेलं प्रथिन ई. कोलायच्या पेशीद्रवात नीट घडी घेत नाही. ते पेरिप्लाझममध्ये (जीवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत) पाठवा किंवा त्यासाठी तयार केलेली जीवाणूंची वाणं वापरा. अँड्रोस्टेनोनसारखी स्टेरॉइडं प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून काचेच्या नळ्या घ्या. मेदाम्लं जास्त घातली की ती आपसात गोळे करून अमिनोअँथ्रासीनला गिळतात आणि आकडे खोटे येतात, तेव्हा प्रथिन नसलेली नळी सोबत चालवा. आणि ई. कोलाय साखर जोडत नाही. नराच्या लाळेतून मिळालेल्या मूळ लिपोकॅलिनवर साखर असते, हा फरक लेखात मान्य करा.

सगळ्यात लबाड अडचण: पेला येतानाच भरलेला असतो. जीवाणूच्या पेशीतला एखादा चरबट रेणू आत शिरून बसतो, शुद्धीकरणात निघत नाही, आणि तुम्हाला वाटतं प्रथिन काहीच धरत नाही. माझे पहिले चार प्रयोग असेच सपाट आले. सेंद्रिय द्रावकाने तो मेद काढला आणि पाचव्या खेपेला उतार दिसला.

पण हा आगंतुक नेहमी शत्रू नसतो. माणसाचं एलसीएन२ ई. कोलायमध्ये बनवलं तेव्हा ते लालसर निघालं. प्रथिनाला रंग असायचं कारण नव्हतं. आत जीवाणूचंच एंटेरोबॅक्टिन बसलं होतं, लोखंडासकट. त्यावरून २००२ साली कळलं की हे लिपोकॅलिन जीवाणूंची लोह ओढणारी संयुगं पळवून त्यांना उपाशी ठेवतं. पुढे २००४ मध्ये हे जनुक काढलेले उंदीर अशा संयुगांवर जगणाऱ्या जीवाणूंपुढे कमकुवत ठरल्याचं दिसलं. डुकराच्या एलसीएन२वर काम करणार असाल तर शुद्ध प्रथिनाची नळी फ्रीजरमध्ये टाकण्याआधी पांढऱ्या कागदासमोर धरून तिचा रंग एकदा बघा.